काळा रंग आवडतो म्हणजे किडनी कमजोर? चिनी वैद्यक रंगाबद्दल नक्की काय बघतं

ताई, प्रश्न नीट वाचला तुमचा. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, गेलं वर्षभर काळ्याशिवाय काही घालत नाही, केस गळतायत, डोळ्यांखाली काळं झालंय, सारखी दमलेली असते. सोसायटीतल्या एका काकूंनी सु-जोकचा (हाताच्या बोटांवर दाबून उपचार करायची पद्धत) कोर्स केलाय, त्यांनी चार्ट दाखवून सांगितलं की चिनी वैद्यकात काळा म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे किडनी, हिला काळा आवडतो म्हणजे हिची किडनी कमजोर आहे. उपाय काय तर काळे कपडे बंद, लाल-पिवळे घालायचे, करंगळीवर स्केचपेनने रेघा मारायच्या आणि ऑनलाईन मिळणाऱ्या "हो शोउ वू" या चिनी मुळाच्या गोळ्या तीन महिने घ्यायच्या. गोळ्या तिने सुरूही केल्यात. आणि तुम्ही विचारताय की हे खरं का, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्यायचं का, आणि कपड्यांवरून घरात रोज भांडण होतंय त्याचं काय करायचं.

मी बरीच वर्षं पुण्यात ॲक्युपंक्चरची प्रॅक्टिस करते आणि चेहऱ्याचा, जिभेचा रंग बघणं हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. मुलीला न बघता निदान करता येत नाही, त्यामुळे तिला काय झालंय हे मी सांगणार नाही. पण काळा आवडतो त्यावरून किडनी कमजोर ठरवणं हे ज्या वैद्यकाच्या नावाने चाललंय त्या वैद्यकातसुद्धा बसत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. आणि त्या गोळ्या आजपासून बंद करा, त्याचं कारण पुढे लिहिलंय.

आधी किडनीची भीती. चिनी वैद्यकातली किडनी म्हणजे पोटात मागच्या बाजूला असलेले ते दोन अवयव एवढंच नाही, वाढ, वयात येणं, हाडं, मज्जा, कान, कंबर, डोक्यावरचे केस असा सगळा कारभार तिच्याकडे दिलाय. "ह्वांगदी नेइजिंग" या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाचा पहिला भाग "सूवन", त्याच्या पहिल्याच अध्यायात मुलींचं आयुष्य सातच्या पटीत सांगितलंय, ७ व्या वर्षी दात बदलतात आणि केस वाढतात, १४ व्या वर्षी पाळी सुरू होते, २८ ला केस सगळ्यात दाट, ३५ ला चेहरा सुकायला आणि केस गळायला लागतात, ४९ ला पाळी थांबते. हे सगळं किडनीच्या शक्तीशी जोडलेलं आहे. त्यामुळे चिनी वैद्य जेव्हा किडनी दुबळी आहे म्हणतो तेव्हा तो क्रिएटिनिनबद्दल बोलत नसतो. काळ्या कपड्यांसाठी म्हणून किडनीची तपासणी करायची काहीच गरज नाही, दुसऱ्या कारणाने डॉक्टरांनी लिहून दिली तर जरूर करा.

आता तो चार्ट. त्यात जे लिहिलंय ते खोटं नाही, सूवनच्या चौथ्या-पाचव्या अध्यायात ते आहेच. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी अशी पाच तत्त्वं आणि प्रत्येकाला एक अवयव, ऋतू, चव, भावना, रंग. लाकूड म्हणजे यकृत, वसंत, आंबट, राग आणि हिरवा-निळा. अग्नी म्हणजे हृदय आणि लाल. माती म्हणजे प्लीहा, गोड चव, अतिविचार आणि पिवळा. धातू म्हणजे फुप्फुस, शरद, दुःख आणि पांढरा. पाणी म्हणजे किडनी, हिवाळा, खारट, भीती आणि काळा. भिंतीवर लावायला फार सोयीचा आहे आणि म्हणूनच घोटाळा होतो, कारण चार्टमध्ये दोन गोष्टी एका ओळीत आल्या की लोकांना वाटतं एकीवरून दुसरी सिद्ध होते.

ही मांडणी फक्त वैद्यांची नव्हतीच. इ.स.पू. तिसऱ्या शतकात झोउ यान नावाचा विचारवंत होऊन गेला, त्याने याच पाच तत्त्वांवरून राजघराणी कशी येतात-जातात हे मांडलं. छिन सम्राटाने आपलं राज्य पाण्याचं म्हणून दरबाराचा रंग काळा ठरवला, पुढे हान घराण्याने इ.स.पू. १०४ मध्ये माती आणि पिवळा घेतला. म्हणजे त्या काळात दरबारात कुणाच्या अंगावर कुठला रंग आहे हे हुकमावरून ठरायचं, आवडीवरून नाही, आणि नंतरच्या काळात तर ठरावीक पिवळा बादशहाच्या घराण्याबाहेर कुणाला घालायचीच परवानगी नव्हती. अशा समाजात वैद्याने कपड्याच्या आवडीवरून प्लीहा ओळखायची कशी? आणि कुठल्या तत्त्वाला कुठला अवयव यावरही हान काळात वाद होता. एका जुन्या परंपरेत प्लीहा लाकडाची, फुप्फुस अग्नीचं, हृदय मातीचं आणि यकृत धातूचं मानलेलं, फक्त किडनी तेवढी दोन्हीकडे पाण्याचीच होती. त्यावर झेंग श्वान या विद्वानाने सांगितलं की रोगी बरा करायचा तर आज आपण वापरतो तीच मांडणी चालते. म्हणजे तेव्हाच्या माणसांनीही चार्ट डोळे झाकून घेतला नव्हता, उपचाराला उपयोगी पडतो का हे बघूनच ठेवला.

मग या वैद्यकात रंगाचं काम काय? खूप मोठं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. पण तो रंग शरीरावर दिसणारा. नेइजिंगचा दुसरा भाग "लिंगशू", त्याचा ४९ वा अध्याय अख्खा पाच रंगांवर आहे आणि तो चेहरा वाचण्याबद्दल आहे, कपाळ कशाचं, नाकाचा शेंडा कशाचा, गाल कशाचा. सूवनमध्ये एके ठिकाणी सरळ म्हटलंय की पिवळट-लाल दिसलं तर उष्णता, पांढरं दिसलं तर थंडी, निळसर-काळं दिसलं तर वेदना. तापाच्या अध्यायात तर अजून बारीक आहे, यकृताचा ताप असेल तर डावा गाल आधी लाल होतो, फुप्फुसाचा असेल तर उजवा, हृदयाचा कपाळावर, प्लीहेचा नाकावर, किडनीचा हनुवटीवर.

आणि नुसता रंग नाही, त्याची चमक. सूवनच्या दहाव्या अध्यायात प्रत्येक रंगाची दोन रूपं दिलीत, जगणारं आणि मरणारं. हिरवा खंड्याच्या पिसासारखा असेल तर माणूस जगेल, वाळलेल्या गवतासारखा असेल तर नाही. लाल कोंबड्याच्या तुऱ्यासारखा चांगला, साकळलेल्या रक्तासारखा वाईट. पांढरा डुकराच्या चरबीसारखा चांगला, वाळल्या हाडासारखा वाईट. काळा कावळ्याच्या पिसासारखा चांगला, काजळीसारखा वाईट. सतराव्या अध्यायात म्हटलंय की निरोगी लाली पांढऱ्या रेशमात गुंडाळलेल्या हिंगुळासारखी असावी, म्हणजे आतून झिरपणारी, वर फासल्यासारखी नाही. इथे लक्ष द्या, काळा रंग म्हणजे आजार असं कुठेही नाही, ओल आणि तेज असलेला काळासावळा चेहरा हा तब्येतीचाच चेहरा आहे. आपल्याकडे गव्हाळ ते गडद सावळे सगळे रंग असतात, तिथे हे फार उपयोगाचं आहे, कारण मी सावळ्या माणसाचा मूळ रंग बघतच नाही, त्यावर तेज आहे की राख फासल्यासारखं सुकलंय ते बघते.

प्रत्यक्षात कसं बघते ते सांगते, कारण याचा तुम्हालाही उपयोग आहे. ट्यूबलाईटखाली बघत नाही, पेशंटला खिडकीशी बसवते, उजेड बाजूने येईल असं. पावडर-क्रीम पुसायला सांगते. डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून कानशिलापर्यंतचा भाग, ओठांभोवतीचा भाग, मग खालची पापणी अलगद खाली ओढून आतला रंग. तो लालसर गुलाबी हवा, फिका पडून पांढरटकडे गेला असेल तर तिथेच मी पुढचे प्रश्न बदलते. नखं दाबून सोडते, रंग किती पटकन परत येतो बघते. तळहाताच्या रेषा बघते. मग जीभ, पण त्याआधी विचारते की काय खाल्लं-प्यायलंत, कारण चहा-कॉफी, हळदीचं दूध, पान, बीट, रंगीत गोळ्या यांनी जिभेचा थर रंगतो आणि खोटं चित्र दिसतं. फिकी, सुजरी, कडेला दातांचे ठसे उमटलेली जीभ एक गोष्ट सांगते, कोरडी लालबुंद जीभ दुसरी. आणि हे सगळं झाल्यावरसुद्धा एकट्या रंगावर मी काही ठरवत नाही. "नानजिंग" या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात स्पष्ट आहे की चेहऱ्याचा रंग, नाडी आणि हाताच्या पुढच्या भागाची त्वचा या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, रंग काळा असेल तर नाडीही खोल लागली पाहिजे. मेळ बसत नसेल तर थांबून विचार करायचा.

आता आवडीबद्दल. मिंग काळात झांग जिंगयुए (१५६३–१६४०) नावाचे मोठे वैद्य होऊन गेले, त्यांनी पेशंटला काय विचारायचं ते दहा प्रश्नांच्या पद्यात बांधून दिलं आणि अजूनही चिनी वैद्यक शिकणारी मुलं ते पाठ करतात. पहिला थंडी-तापाचा, दुसरा घामाचा, तिसरा डोकं आणि अंग, चौथा शौच-लघवी, पाचवा खाणंपिणं, सहावा छाती-पोट, सातवा ऐकू येण्याचा, आठवा तहानेचा. नववं म्हणजे नाडी आणि रंगावरून यिन-यांग ओळखा, दहावं गंध वगैरेवरून. रंग आहे, पण तो वैद्याने बघायच्या यादीत आहे, पेशंटला कुठला रंग आवडतो हा प्रश्न त्यात नाही.

याचा अर्थ आवडीनिवडीला किंमत नाही असं मात्र नाही हं. पोट दुखतंय, दाबून धरलं की बरं वाटतं का हातही लावू देत नाही? गरम पिशवी हवीशी वाटते का नकोशी? तहान लागते तेव्हा कोमट पाणी लागतं का फ्रीजमधलं? हे मी रोज विचारते आणि त्यावर सुया कुठे लावायच्या ते माझे पॉईंट्स बदलतात. दाबलेलं आवडतं तर सहसा शक्ती कमी पडलेली असते, दाबलेलं सोसत नसेल तर काहीतरी साचलेलं असतं. पण या आवडी शरीराच्या आहेत, अंगाला त्या क्षणी काय बरं वाटतंय त्याच्या. कपड्याचा रंग निवडताना शरीराबरोबर मैत्रिणी असतात, फॅशन असते, दुकानात काय मिळतं ते असतं, आई काय बोलेल ते असतं. सतरा वर्षांच्या मुलीने काळी हुडी घालणं यात आज काहीच वेगळं नाही, तिच्या क्लासमध्ये अर्ध्या मुली तशाच असतील. आपल्याकडे संक्रांत सोडली तर काळा शुभ मानत नाहीत, त्यामुळे घरात तो जास्तच टोचतो, हेही आहे.

मग आवडता रंग विचारायची पद्धत आली कुठून? एक धागा इंग्लंडचा आहे. जे. आर. वर्स्ली (१९२३–२००३) यांनी तिथे पाच तत्त्वांवर आधारलेलं ॲक्युपंक्चर शिकवलं आणि त्या परंपरेत पहिल्या भेटीत आवडता ऋतू, चव, रंग असं बरंच विचारतात. पण त्यांच्याकडेसुद्धा निदानाचे खांब चार आहेत, चेहऱ्यावरचा रंग, आवाज, अंगाचा गंध आणि भावना, आवडता रंग हा गप्पा सुरू करायला. दुसरा धागा युरोपातल्या मानसशास्त्रीय चाचणीचा, स्वित्झर्लंडच्या माक्स ल्यूशर यांनी १९४७ मध्ये रंगांच्या पसंतीक्रमावरून स्वभाव सांगायची टेस्ट काढली होती. आणि तिसरा तर मुंबईत जन्मलेल्या माणसाचा, दिनशा घडियाली यांनी अमेरिकेत जाऊन रंगीत प्रकाशाने सगळे आजार बरे करायचं यंत्र विकलं आणि तिथल्या कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. आज सोशल मीडियावर फिरणारे चार्ट या सगळ्याची मिसळ आहे आणि वर लेबल मात्र "प्राचीन चिनी वैद्यक".

मला त्यात सगळ्यात खटकतं ते हे की असा चार्ट कधी चुकूच शकत नाही. काळा आवडतो? किडनी कमजोर आहे, शरीर तो रंग मागतंय. काळा अजिबात आवडत नाही? किडनी कमजोर आहे, शरीर तो नाकारतंय. आधी आवडायचा आता नाही? बिघडलंय. जे विधान कुठल्याही उत्तराने खरंच ठरतं त्यावरून मुलीला औषध कसं द्यायचं? आणि उपायसुद्धा त्यांच्याच चार्टप्रमाणे उलटा सांगितलाय बघा. पाच तत्त्वांत माती पाण्याला बांध घालते, म्हणजे पिवळा हा पाण्याला दाबणारा. धातू पाण्याला जन्म देतो, म्हणजे पाणी वाढवायचं तर पांढरा किंवा काळाच हवा. पाणी कमी पडलंय असं मानून काळा काढायचा आणि पिवळा घालायचा, हे त्या तर्कानेसुद्धा जुळत नाही. काकूंचा हेतू चांगला असेल, मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, सु-जोक ही कोरियातल्या पार्क जे-वू यांनी १९८० च्या दशकात बसवलेली पद्धत आहे आणि बोटावर दाबणं, मेथीचे दाणे चिकटवणं, स्केचपेनची रेघ याने कुणाला इजा होत नाही. रेघ मारायची तर मारा. फक्त त्या नादात तपासणी मागे पडता कामा नये.

आता मला जे खरं सांगायचंय ते. कुठला रंग आवडतो हे सोडा, का घालते ते विचारा. माझ्याकडे कॉलेजमधली एक मुलगी यायची, पाठदुखीसाठी. दर वेळी काळी पँट आणि खाली जाणारा काळा टॉप, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा. तिची आई पण हेच म्हणायची की हिला दुसरा रंगच चालत नाही. एकदा आई बाहेर बसलेली असताना मी सहज विचारलं, काळाच का गं? ती म्हणाली, "डाग दिसत नाहीत ना." पाळीत इतकं जायचं की दोन-दोन पॅड लावून कॉलेजला जायची, तारखेचा भरवसा नाही म्हणून मग महिनाभर काळंच. घरी बोलली नव्हती कारण तिला वाटायचं सगळ्यांना असंच होतं. पापणी खाली ओढून बघितली तर आत रंगच नव्हता. मी त्या दिवशी सुया लावल्या नाहीत, आईला आत बोलावलं, आधी ब्लड टेस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असं सांगितलं, हिमोग्लोबिन खूपच खाली निघालं. उपचार झाले, पाळी आटोक्यात आली. कपडे तिने नंतरही काळेच घातले बहुतेक वेळा, पण आता आवडतात म्हणून.

तर काळ्याचा शरीराशी संबंध होता, पण पाणी-तत्त्वाशी नाही. आणि अशी कारणं अजून असतात. काखेत खूप घाम येतो आणि राखाडी किंवा आकाशी कपड्यावर तो उठून दिसतो म्हणून काळा (घाम हा झांग जिंगयुएंचा दुसराच प्रश्न आहे, तो विचारला की हे कळतं). वजन वाढलंय किंवा अंगाची लाज वाटतेय म्हणून ढगळ काळं. हातावरच्या खुणा झाकायच्या म्हणून उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, हे असेल तर ताबडतोब लक्ष द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मायग्रेन असलेल्या काही जणांना उजळ रंग, चमक सहन होत नाही. आणि काहीच कारण नसतं, नुसतं छान दिसतं म्हणून, तेही पूर्ण उत्तर आहे. वयस्कर माणसांचं थोडं वेगळं, मोतीबिंदूत डोळ्यातली लेन्स पिवळट होते आणि निळे रंग मंद दिसतात, त्यामुळे आजोबा अचानक रंग ओळखण्यात चुकायला लागले किंवा सगळं पिवळं दिसतं म्हणाले तर चार्ट बाजूला ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, हृदयाच्या एका औषधाचं म्हणजे डिगॉक्सिनचं प्रमाण जास्त झालं तरी पिवळं दिसू शकतं.

अंगावरच्या कपड्याचा आणि तब्येतीचा संबंध पूर्व आशियात लोक जोडायचेच नाहीत असंही नाही. जुन्या, एदो काळातल्या जपानात देवी आलेल्या मुलाला लाल कपडे घालायचे, खोलीत लाल शाईत छापलेली चित्रं लावायची, आयझू भागातला तो मान हलवणारा लाल बैल, अकाबेको, तोही मुलांचं देवीपासून रक्षण करतो असं मानतात. कोरियात हिवाळ्यातल्या सगळ्यात लांब रात्रीच्या दिवशी लाल चवळीसारख्या दाण्यांची पेज करतात, लाल रंगाने वाईट दूर राहतं म्हणून, आणि लहान मुलांना रंगीत पट्ट्यांच्या बाह्यांचे कपडे घालतात. हे सगळं रक्षणासाठी आहे, आईबापांच्या काळजीतून आलेलं. मुलाला कुठला रंग आवडतो यावरून त्याचा आजार ओळखायचा हा प्रकार त्यात नाही.

खाण्याचं आणि औषधाचं. काळे तीळ, काळे सोयाबीन, काळा तांदूळ किडनीला चांगले हे चिनी घराघरात म्हणतात आणि त्याला जुना आधारही आहे, सगळ्यात जुन्या औषधी-ग्रंथात लिंगझी नावाच्या भूछत्राचे सहा रंग दिलेत आणि लाल हृदयाला, काळं किडनीला अशी विभागणी आहे. पण त्याच परंपरेत औषधाचं खरं वर्गीकरण चवीवर आणि ते गरम पडतं की थंड त्यावर चालतं, रंग मागे राहतो. गोजी बेरी लालभडक आहे पण ती यकृत आणि किडनीसाठी देतात. ह्वांगल्येन हे मूळ पिवळंधमक आहे पण अतिशय कडू, आणि ते हृदयाची उष्णता काढायला वापरतात. रंगावर गेलात तर दोन्ही चुकतील. काळे तीळ खाऊ देत, आपल्याला काही नवीन नाहीत, चटणी करा. पण रक्त कमी असेल तर चटणीने ते भरून येणार नाही.

आणि रंगावर विश्वास ठेवून औषध घेतलं की काय होतं याची दोन उदाहरणं त्याच परंपरेत आहेत. हिंगुळ, चिनीत झूशा, लाल म्हणून हृदयाचं, धडधड आणि निद्रानाशावर शेकडो वर्षं गोळ्यांमध्ये दिलं गेलं, आणि ते पाऱ्याचं संयुग आहे. दुसरं तुमचं हो शोउ वू. ते मूळ काळ्या सोयाबीनच्या पाण्यात शिजवून काळं करतात आणि केस काळे करणारं, किडनीला बळ देणारं म्हणून विकतात. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भरपूर आहेत, अगदी कावीळ होऊन ॲडमिट करण्यापर्यंत, आणि बऱ्याच देशांच्या औषध नियंत्रकांनी त्याबद्दल इशारे दिलेत. चीनमध्ये जाणकार वैद्य ते देतात तेव्हा नीट प्रक्रिया केलेलं, ठरावीक मात्रेत, लक्ष ठेवून देतात. ऑनलाईन मागवलेल्या पाकिटात कच्चं आहे की प्रक्रिया केलेलं, किती आहे, सोबत काय मिसळलंय हे तुम्हाला कळायला काही मार्ग नाही. सतरा वर्षांच्या मुलीला तर मी ते कुठल्याच परिस्थितीत देणार नाही.

तर आता काय करा. कपड्यांचं भांडण आजच थांबवा, ते काळे कपडे कपाटात परत ठेवा. तिच्याशी एकटीशी बोला, वडील-भाऊ नसताना, आणि पाळीबद्दल स्पष्ट विचारा, किती दिवस जाते, किती पॅड लागतात, रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी पडतात का. झोप किती होते विचारा, बारावीचं वर्ष आहे, रात्री दोनपर्यंत जागरण आणि सकाळी सहाला क्लास असेल तर डोळ्यांखालच्या काळ्याचं अर्धं कारण तिथेच आहे. जेवते की डबा तसाच परत येतो तेही बघा. मग फॅमिली डॉक्टरकडे जा आणि दमणूक, केस गळणं, पाळीची माहिती सांगा, ते बहुधा सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, हिमोग्लोबिनसकट), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२, व्हिटॅमिन डी यातलं काय हवं ते लिहून देतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे पहिली शंका तिथेच घ्यायची. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी फेरिटिन कमी असू शकतं आणि केस त्याने गळू शकतात, म्हणून ते विसरू नका.

तपासणी झाल्यावर झोप, पाळीतलं दुखणं, परीक्षेचं टेन्शन यासाठी ॲक्युपंक्चर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, त्यासाठी मी आनंदाने हो म्हणेन. फक्त ज्यांच्याकडे जाल त्यांचं महाराष्ट्र ॲक्युपंक्चर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, आपल्या राज्यात २०१५ चा त्यासाठी वेगळा कायदा आहे. आणि पहिल्या भेटीत त्यांनी जीभ बघितली का, नाडी बघितली का, पाळी-झोप-शौचाचं विचारलं का याकडे लक्ष ठेवा. नुसता आवडता रंग विचारून सुया काढल्या तर उठून या.

शेवटचं त्या गोळ्यांचं. तुम्ही लिहिलंय की तिने त्या सुरू केल्यात, किती दिवस झाले ते लिहिलं नाहीत. डॉक्टरांना हे नक्की सांगा आणि एलएफटी, म्हणजे यकृताची टेस्ट, त्याच रक्तात करून घ्या. भूक मेली, मळमळ, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, खूप खाज, लघवी चहासारखी गडद किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या. गोळ्यांचं पाकीट फेकू नका, सोबत घेऊन जा.